थर्टी-थर्टीची पुंगळी बुडाशी का तुटते, आणि साइझिंग डाय किती खाली घ्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी .३०-३० विंचेस्टर काडतुसाची वापरलेली मार्लिन ३३६ (ट्रिगरखालच्या लिव्हरने चालणारी, म्हणजे लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल) घेतली आणि गेल्या हिवाळ्यापासून ते घरी काडतुसं भरू लागले. तिसऱ्यांदा भरलेल्या पुंगळ्यांपैकी (पुंगळी म्हणजे काडतुसाची पितळी नळी) एक गोळी झाडल्यावर तुटली. बूड बाहेर आलं आणि वरची नळी चेंबरमध्ये (रायफलमध्ये काडतूस बसतं त्या घरात) अडकून राहिली. साइझिंग डायच्या (झाडून फुगलेली पुंगळी दाबून परत मापावर आणणाऱ्या साच्याच्या) पेटीतला कागद सांगतो की डाय प्रेसमधल्या शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवा आणि त्याहून थोडा फेरा आणखी खाली द्या. रेंजवरचे एक जुने शिकारी सांगतात की फक्त मान (गोळी धरणारा अरुंद भाग) साइझ कर, अंगाला हात लावू नकोस. ऐकायचं कुणाचं?

तुमच्या रायफलपुरतं सांगायचं तर दोघांचंही जसंच्या तसं ऐकू नका. कागदातल्या सूचनेने तुमची पुंगळी तुटली असण्याची शक्यता मोठी आहे आणि त्या शिकारी मित्राच्या सल्ल्याने लिव्हर ऐन वेळी अडकेल. मान की पूर्ण अंग, यापेक्षा साइझिंग झाल्यावर पुंगळीचा खांदा (अंग आणि मान यांच्यामधला उतार) नेमका कुठे येऊन थांबतो ते महत्त्वाचं आहे. अंग पूर्ण साइझ करायचंच, पण खांदा फक्त लागेल तेवढाच मागे ढकलायचा. हे साधायचं कसं, ते पुढे सविस्तर लिहितो.

आधी तातडीच्या दोन गोष्टी. अडकलेला तुकडा तसाच ठेवून दुसरं काडतूस आत सारण्याचा प्रयत्न करू नका आणि तो स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढू नका. चेंबरवर ओरखडा पडला तर पुढची प्रत्येक पुंगळी तिथे धरेल. तुटकी पुंगळी काढायचं हत्यार त्या त्या कॅलिबरसाठी मिळतं, नाहीतर गनस्मिथकडे न्या. गनस्मिथकडे गेलातच तर गेज लावून हेडस्पेसही (काडतूस चेंबरमध्ये जिथे अडतं तिथपासून बोल्टपर्यंतचं अंतर) तपासून घ्या. रायफल वापरलेली आहे, तिचा पूर्वेतिहास तुम्हाला ठाऊक नाही. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) आणि त्याला अडवणारा लॉकिंग तुकडा झिजलेले असतील तर डाय कितीही काळजीपूर्वक लावला तरी दुखणं जाणार नाही. गेजमध्ये रायफल पास झाली, असं धरून मी पुढे जातो. बहुतेक वेळा ती पास होते आणि दोष डायच्या सेटिंगमध्येच सापडतो.

दुसरी गोष्ट त्या फेरीतल्या उरलेल्या पुंगळ्यांची. त्या सगळ्या तितक्याच वेळा झाडल्या गेल्या आहेत आणि तशाच साइझ झाल्या आहेत, म्हणजे तुटायच्या रांगेत उभ्या आहेत. पेपरक्लिप सरळ करा, टोक घासून धार आणा आणि टोकाचा अगदी लहानसा भाग काटकोनात वाकवा. ते टोक पुंगळीत घालून आतल्या भिंतीला टेकवत बुडापासून वर ओढा. भिंत जिथे ताणून पातळ झाली असेल तिथे टोक खाचेत अडकल्यासारखं लागेल. ही खाच रिमच्या (बुडाभोवतीच्या कडेच्या) वर साधारण पाव ते अर्धा इंचाच्या पट्ट्यात असते. बाहेरून त्याच जागी चकचकीत वळं दिसू शकतं, पण नुसत्या वळ्यावर निकाल देऊ नका. डायचं तोंड जिथवर पोचतं तिथेही एक लकाकती रेघ उमटते आणि ती निरुपद्रवी असते. आतली खाच मात्र खोटं बोलत नाही. खाच लागली की पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे ती चुकून परत डब्यात येणार नाही.

आता कारणाकडे येऊ. .३०-३० हे काडतूस विंचेस्टरने १८९४ च्या मॉडेलसाठी १८९५ मध्ये बाजारात आणलं. ते जुन्या .३८-५५ च्या पुंगळीवरून घडवलेलं आहे आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याला रिम आहे. काडतूस चेंबरमध्ये किती आत जाईल हे ती रिम ठरवते. खांद्याचं काम कारखान्याच्या दृष्टीने दुय्यम, म्हणून चेंबरचा खांदा बरेचदा ऐसपैस, थोडा पुढेच कापलेला असतो. रिमच्या जाडीलाही मोठी सूट आहे. मानक माप ०.०६३ इंच आणि त्याहून दहा थाऊ कमी जाडीची रिमही चालते. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पुढे सगळीकडे हेच माप वापरतो.) चेंबरकडूनही काही थाऊंची सूट असते. रिम पातळ आणि चेंबर सैल अशी गाठ पडली की पुंगळीचं बूड आणि बोल्टचा चेहरा यांच्यामध्ये बरीच मोकळी फट राहते.

गोळी झाडताना पिनच्या धक्क्याने काडतूस पुढे सरकून रिमवर टेकतं. दाब वाढला की पुंगळीच्या पुढच्या भागातली पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट धरते. बूड जाड असल्यामुळे ते असं धरत नाही. ते दाबाने मागे सरकतं आणि बोल्टला जाऊन भिडतं. पुढचा भाग जागचा हलत नाही आणि मागचा फटीएवढा मागे गेला, तर मधलं पितळ ताणणारच. जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते नेमकी तिथे हा ताण पडतो.

एकदा-दोनदा झाडल्यावर पुंगळीचा खांदा तुमच्या चेंबरच्या खांद्यापर्यंत पुढे गेलेला असतो. आता तो तिथेच राहू दिला तर पुढच्या वेळी पुंगळी रिमऐवजी खांद्यावर टेकते, बूड बोल्टला लागून राहतं आणि ताणायला फटच उरत नाही. पण डाय शेलहोल्डरवर दाबून बसवलात तर खांदा पुन्हा मागे, डायच्या मापावर जातो. हे माप सगळ्यांत आखूड चेंबरमध्येही काडतूस बसावं म्हणून ठरवलेलं असतं. तुमच्या चेंबरच्या तुलनेत तो खांदा कधी कधी पंधरा-वीस थाऊ मागे जातो. मग प्रत्येक वेळी फट तयार होते, प्रत्येक वेळी तीच जागा ताणते आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला पितळ संपतं. पेटीतला कागद लिहिणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही, कारण कुणाच्याही रायफलमध्ये बसेल अशी पुंगळी त्याला हवी आहे. तुम्हाला एकाच रायफलमध्ये बसणारी हवी आहे.

या फटीचा अंदाज घ्यायचा एक सोपा मार्ग आहे. कारखान्यात भरलेलं साधं .३०-३० झाडल्यावर प्रायमर (पिनच्या ठोक्याने पेटणारी बुडातली टोपी) बुडाच्या पातळीपेक्षा किंचित बाहेर आलेला दिसतो का ते बघा. .३०-३० ची कमाल दाबमर्यादा ४२,००० पीएसआय, म्हणजे .३०८ विंचेस्टरच्या ६२,००० च्या मानाने बरीच कमी आहे. दाब सौम्य असेल तर भिंत चेंबरला धरून बसते, बूड मागे खेचलं जात नाही, फक्त प्रायमर मागे सरकून बोल्टला टेकतो. तो जितका बाहेर आला, साधारण तितकी फट. नवखे लोक हे पाहून दाब जास्त झाला असं समजतात. खरं कारण नेमकं उलटं असतं.

मग मित्र म्हणतात तसं फक्त मान साइझ करून खांदा जागेवर ठेवला तर काय बिघडलं? बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये पुष्कळदा काही बिघडत नाही. तुमच्या रायफलची रचना वेगळी आहे. बोल्ट-अ‍ॅक्शनचे लग (बोल्टला अडकवून धरणारे खुंट) बोल्टच्या तोंडाशी असतात. मार्लिन ३३६ मध्ये बोल्टला अडवणारा लॉकिंग तुकडा मागच्या बाजूला खालून वर येतो आणि विंचेस्टर ९४ मध्येही ठोकळा बोल्टच्या मागे चढतो. त्यामुळे गोळी झाडताना बोल्ट लांबीभर किंचित दबतो, रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो धातूचा सांगाडा) किंचित ताणतो, मग दोन्ही जागेवर परततात. पुंगळी मात्र त्या ताणलेल्या क्षणाच्या मापावर थांबते आणि शांत अवस्थेतल्या चेंबरपेक्षा जराशी लांब होऊन बाहेर येते. अंगाने फुगलेली असते ते वेगळंच.

अशी पुंगळी परत चेंबरमध्ये घालायला जोर लागतो. बोल्टचा दांडा खाली दाबताना तिरप्या कडेमुळे काडतूस रेटून आत ढकललं जातं. लिव्हरला तेवढा रेटा नाही, बाहेर काढतानाही नाही. हरीण समोर आहे, पहिली गोळी गेली, दुसरीसाठी लिव्हर मारली आणि ती अर्धा बोट उघडी राहिली, तर काय होईल? ३३६ ची पिन दोन तुकड्यांत असते आणि लॉकिंग तुकडा पूर्ण वर चढल्याशिवाय ते दोन तुकडे एका रेषेत येत नाहीत. शिवाय लिव्हर पुरती मिटल्याशिवाय ट्रिगरही ओढला जात नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ही रचना उत्तम आहे, पण जखमी जनावर झाडीत शिरत असताना तुम्ही हातात बंद पडलेली रायफल घेऊन उभे राहाल. शिकाऱ्याने ही वेळ स्वतःवर आणि जनावरावर येऊ देऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी अंग पूर्ण साइझ करण्याला मी पर्याय मानत नाही.

तेव्हा डाय बसवायचा कसा? आधी तुमच्या रायफलमधून झाडलेल्या, शक्यतो दोनदा झाडलेल्या चार-सहा पुंगळ्या घ्या. दोनदा अशासाठी की दाब कमी असल्यामुळे पहिल्या वेळी खांदा पुरता भरून येईलच असं नाही. प्रायमर फक्त डीकॅपिंग डायने काढा, साइझ करू नका. प्रायमर आत ठेवून मोजलंत तर बाहेर आलेला प्रायमर माप बिघडवतो. मग कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा भोकाचा तुकडा) लावून बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घ्या. मानेचा व्यास ०.३३० इंच आणि खांद्याचा ०.४०१, तेव्हा यांच्या मध्ये, ०.३७५ च्या आसपास भोक असलेला कंपॅरेटर चालतो. तो नसेल तर .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरची तोंड सरळ कापलेली रिकामी पुंगळी उलटी करून मानेवर घाला आणि दोन्हींची मिळून लांबी मोजा. आपल्याला खरा आकडा नकोच आहे, आधीच्या आणि नंतरच्या मापातला फरक हवा आहे.

.३०-३० च्या खांद्याचा उतार फार सौम्य आहे, जेमतेम साडेपंधरा अंश. त्यामुळे व्यासातला जरासा फरकही लांबीच्या मापात वाढून दिसतो आणि एकच पुंगळी दोनदा मोजली तर थाऊभर इकडेतिकडे होते. गडबडू नका. प्रत्येक पुंगळी दोन-तीनदा मोजा आणि सगळ्यांत मोठा आकडा आधार म्हणून लिहून ठेवा.

आता डाय शेलहोल्डरपासून साधारण एक फेरा वर ठेवा, पुंगळीला वंगण लावा, साइझ करा आणि मोजा. इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसेल: माप कमी होण्याऐवजी वाढेल. डाय अंग आवळतो, पण खांद्यापर्यंत अजून पोचलेला नसतो. आवळलेल्या पितळाला जायला पुढेच वाट असते, म्हणून खांदा काही थाऊ पुढे सरकतो. ही पुंगळी रायफलमध्ये घातलीत तर न साइझ केलेल्या पुंगळीपेक्षाही जड जाईल. इथे पुष्कळ लोक निराश होतात आणि घाबरून डाय एकदम टेकवून टाकतात. तसं करू नका. हळूहळू खाली या.

डायच्या आट्यांचं माप सात-अष्टमांश इंच व्यास, इंचाला चौदा आटे असं असतं. एक पूर्ण फेरा म्हणजे ७१ थाऊ, सोळावा भाग फेरा म्हणजे साडेचार थाऊ आणि बत्तिसावा भाग म्हणजे दोनाहून किंचित जास्त. डायच्या डोक्यावर आणि प्रेसवर मार्कर पेनने रेघ मारा म्हणजे नजरेला आधार मिळेल. सुरुवातीला आठवा भाग फेरा, माप उतरू लागलं की बत्तिसावा. टूलरूममध्ये काम केलेल्यांना हे सांगायला नको: आट्यांत ढिलाई असते, तेव्हा फिरवायचं ते नेहमी वरून खाली. जास्त खाली गेलात तर पुरेसं वर जाऊन परत उतरा.

थांबायचं कुठे? बोल्ट-अ‍ॅक्शनसाठी लोक आधार-मापापेक्षा एक-दोन थाऊ कमी ठेवतात. लिव्हरसाठी मी तीनच्या आसपास ठेवतो आणि लिव्हर किंचितही धरत असेल तर चार. आकडा वाटाड्या आहे, निकाल रायफल देते. प्रत्येक पायरीला साइझ केलेली पुंगळी चेंबरमध्ये घालून बघा. ती पूर्ण रिकामी हवी: प्रायमर नाही, दारू नाही, गोळी नाही. भरलेलं काडतूस घरात चेंबरमध्ये घालून बघायचं नाही, कधीच नाही. ३३६ असेल तर लिव्हरचा स्क्रू काढला की लिव्हर, इजेक्टर आणि बोल्ट सहज बाहेर येतात. मग पुंगळी बोटाने आत सोडता येते आणि पिन, स्प्रिंग, घोडा यांच्या गोंगाटाशिवाय तिचा स्पर्श कळतो. ती स्वतःच्या वजनाने पूर्ण आत जाऊन बसली पाहिजे. विंचेस्टर ९४ खोलणं किचकट, तिथे लिव्हर हळू मिटून हाताला काय लागतं ते बघा. रिकामी रायफल मिटताना जसं वाटतं अगदी तसंच वाटेपर्यंत डाय उतरवा. तसं वाटलं की थांबा. त्यापुढचा प्रत्येक थाऊ पुंगळीचं आयुष्य कमी करतो.

थांबलात की एक पुंगळी डायमध्ये असतानाच लॉक रिंग आवळा, म्हणजे आट्यांतली ढिलाई दाबाच्या दिशेलाच बसलेली राहते. पुंगळी नसताना आवळून नंतर भलतं माप आलं अशी तक्रार मी खूपदा ऐकली आहे. प्रेसही ताणतो. रिकाम्या प्रेसमध्ये डाय आणि शेलहोल्डर टेकलेले दिसतात, पुंगळी घातल्यावर त्याच जागी उजेडाची फट दिसते. म्हणून तपासायचं ते पुंगळी घालूनच.

वंगणाबद्दल थोडं, कारण सेटिंग बरोबर असूनही मापं हलतात त्याला बरेचदा वंगण कारण असतं. अंगाला बोटाने मेणाचा पातळ थर पुरे. खांद्यावर वंगण साचलं तर ते दबायला जागा नसते आणि खांद्यात खड्डा पडतो. अगदी कोरडी पुंगळी डायमध्ये अशी अडकते की काढायला भोक पाडून आटे घालावे लागतात. मानेच्या आत मात्र बहुतेक जण काहीच लावत नाहीत. डायच्या दांड्यावरचा एक्स्पांडर (मान आतून रुंद करणारा गोळा) वर येताना कोरड्या मानेतून ओढला जातो, किंचाळतो आणि जाता जाता खांदा पुढे ओढतो. तुम्ही कष्टाने मिळवलेले तीन थाऊ इथे जातात, तेही प्रत्येक पुंगळीत वेगवेगळे. मानेत ब्रशने ग्राफाइट किंवा अभ्रकाची भुकटी फिरवा, नाहीतर कापसाच्या काडीने मेण टेकवा. नंतर सगळं पुसून काढा.

पितळाचा कडकपणाही माप हलवतो. वरचेवर झाडून आणि दाबून खांदा-मान कडक झाली की ती डायमधून निघाल्यावर स्प्रिंगसारखी परत उघडते आणि त्याच सेटिंगला खांदा कमी मागे जातो. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वेळा झाडलेल्या पुंगळ्या एका सेटिंगवर एकसारख्या निघतील ही अपेक्षा ठेवू नका. बुडावरचा शिक्का बघून गट करा, प्रत्येक गटाच्या डब्यावर भरणीची संख्या लिहा. मान-खांदा तापवून नरम करता येतात, पण बूड तापवायचं नाही. नरम बूड धोकादायक आहे. ज्यांनी हे कुणाच्या नजरेखाली शिकलेलं नाही त्यांनी नव्या पुंगळ्या घ्याव्यात, असंच मी सांगेन.

आतापर्यंतचं एकत्र करतो: अंग पूर्ण साइझ करायचं, खांदा झाडलेल्या मापापेक्षा तीन-चार थाऊ मागे, लिव्हर रिकाम्या रायफलसारखी मिटेपर्यंत आणि त्यापुढे नाही.

एवढं करूनही भरलेलं काडतूस अडलं तर लगेच साइझिंगला दोष देऊन डाय आणखी खाली घेऊ नका. नळीच्या आकाराच्या मॅगझिनमुळे आपल्याला गोळी क्रिंप करावीच लागते, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीवर आवळावं लागतं. आत काडतुसं एकामागोमाग एक असतात, स्प्रिंगचा दाब आणि झाडतानाचा धक्का दोन्ही गोळीला पुंगळीत मागे ढकलू पाहतात. (याच कारणाने गोळीचं टोक चपटं हवं किंवा खास लवचीक टोकाची गोळी हवी. साधं टोकदार टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकतं.) पुंगळी जास्त लांब असेल तर क्रिंप करताना तिचं तोंड गोळीवरच्या खोबणीच्या पुढे गोळीला भिडतं, डायचा दाब खाली उतरतो आणि खांदा बाहेर फुगतो. फुगवटा डोळ्याला दिसणार नाही इतका लहान असतो, पण लिव्हरला कळतो. म्हणून साइझ झाल्यावर लांबी तपासा. कमाल २.०३९ इंच, मी सगळ्या २.०२९ ला कापतो आणि तोंडाची आतली-बाहेरची बर (कापल्यावर राहणारी खरबरीत कड) काढतो. आधी साइझिंग आणि मग कापणं हा क्रम पाळा, कारण साइझिंगमध्ये पुंगळी लांबते.

अडचण कुठे आहे ते शोधायला काळा मार्कर उत्तम. क्रिंप केलेलं पण प्रायमर आणि दारू नसलेलं नकली काडतूस बनवा, त्याला खांद्यापासून रिमपर्यंत शाई फासा, सुकू द्या, चेंबरमध्ये घालून काढा. खांद्याच्या कडेवर शाई पुसली गेली तर क्रिंपचा फुगवटा, खांद्यावर सगळीकडे एकसारखी पुसली तर सेटिंग, रिमच्या वर बुडाकडे पुसली तर अंग पुरेसं आवळलं जात नाही. शेवटचा प्रकार दुसऱ्या रायफलमध्ये झाडलेल्या, रेंजवर वेचलेल्या पुंगळ्यांत जास्त दिसतो. त्या पहिल्या वेळी डाय टेकवून साइझ कराव्या लागतात आणि एकदा तुमच्या रायफलमध्ये झाडल्यावर मगच वरचं सेटिंग लागू होतं.

हे सगळं .३०-३० साठी झालं. रायफल किंवा कॅलिबर बदललं की काही गोष्टी बदलतात, कारण उद्या तुम्ही दुसरी रायफल घ्यालच. .३५ रेमिंग्टनही ३३६ मध्ये मिळतं, पण त्याला रिम नाही आणि खांदा अगदी लहान आहे. तिथे खांदा जास्त मागे गेला तर अडवायला रिम नसल्यामुळे काडतूस पुढे सरकतं आणि पिनचा ठोका हलका पडून फुसका बार होतो, म्हणजे तिथे आणखीच सांभाळून. .४५-७० सरळ अंगाचं, खांदाच नाही, त्यामुळे हेडस्पेस सर्वस्वी रिमवर. अंग साइझ करा आणि लांबी एकसारखी ठेवा. त्यात हॉर्नाडीच्या लवचीक टोकाच्या काडतुसांच्या पुंगळ्या मुद्दाम आखूड असतात, २.०४० इंच, तर नेहमीच्या २.१०५, दोन्ही एका डब्यात मिसळल्या की क्रिंपचा बोजवारा उडतो. .४५-७० चे भरणीचे तक्ते मॅन्युअलमध्ये रायफलच्या ताकदीप्रमाणे वेगवेगळे दिलेले असतात, कारण १८७३ च्या ट्रॅपडोअर रायफली अजून वापरात आहेत. पान उलटताना कुठल्या रायफलचा तक्ता आहे ते दोनदा वाचा. ब्राउनिंग बीएलआर ही लिव्हर-अ‍ॅक्शन असूनही तिचे लग पुढे आहेत आणि ती .३०८ सारखी जोरदार काडतुसं घेते. तिच्यासाठी बुडाकडे जास्त आवळणारा स्मॉल-बेस डाय घ्या असं काहीजण सांगतात. आधी नेहमीचा डाय नीट लावून बघा. शाईने बुडाकडे धरतंय असं दाखवलं तरच तो खर्च करा.

पुंगळी किती वेळा भरता येईल याला एक उत्तर नाही. भरणी किती जोरात, चेंबर किती सैल, पितळ कुणाचं, यावर ते ठरतं. पण कशी संपते यावरून बरंच कळतं. सेटिंग बरोबर असेल तर .३०-३० ची पुंगळी मानेला उभी चीर जाऊन संपते आणि ती आधी दिसते. बुडाशी आडवी तुटू लागली तर खांदा नको इतका मागे जातोय किंवा रायफलची हेडस्पेस वाढली आहे. म्हणून सेटिंग बदलल्यावरही प्रत्येक भरणीआधी पेपरक्लिप फिरवायची सवय ठेवा. पुंगळीमागे काही सेकंद लागतात.

शिकारीसाठी वेगळा डबा ठेवा. त्यात एकदा-दोनदाच झाडलेल्या, पेपरक्लिपने तपासलेल्या पुंगळ्या. जास्त वापरलेल्या कागदी निशाण्यावर संपवा. पेनसिल्व्हेनियात रायफलने हरणाच्या शिकारीचा हंगाम २०१९ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो, त्याआधी निदान दोन आठवडे शिकारीसाठी भरलेली सगळी काडतुसं रेंजवर नेऊन, नळी मातीच्या बांधाकडे धरून, बोट ट्रिगरपासून लांब ठेवून, मॅगझिनमधून एकेक चेंबरमध्ये घेऊन बाहेर काढा. जे जराही धरेल ते बाजूला काढा. मग प्रत्येकाची लांबी मोजा, गोळी मागे सरकली असेल तर ते काडतूसही बाद. थंडीत, जाड हातमोज्यांत, लिव्हरचा हलका अडथळा हाताला कळत नाही. म्हणून हे आधीच करायचं.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक स्पष्ट सूचना: भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे. वर लिहिलेलं सगळं अमेरिकेत, तिथल्या राज्याच्या कायद्यात राहून हे करणाऱ्यांसाठी आहे. दारूचं प्रमाण मी मुद्दाम कुठेच लिहिलं नाही. ते चालू आवृत्तीच्या छापील मॅन्युअलमधूनच घ्या, कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्याही नाही.

गनस्मिथने हेडस्पेसचं काय सांगितलं ते कळवा, आणि झाडलेल्या चार पुंगळ्यांचं आणि सध्याच्या सेटिंगवर साइझ केलेल्या चार पुंगळ्यांचं खांद्यापर्यंतचं माप पाठवा. सोबत रिमची जाडी आणि पुंगळ्या कुठल्या कंपनीच्या तेही लिहा. दोन मापांत दहा थाऊंहून जास्त फरक निघाला तर तुटण्याचं कारण तिथेच सापडलं. फरक चार-पाचच निघाला आणि तरी पुंगळी तुटली असेल, तर रायफल परत गेजवर चढवायला सांगा आणि तोवर तिच्यातून काही झाडू नका.